क्रमांक पाचशे सत्तेचाळीस

त्या रविवारी अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात नवल असं काहीच घडलं नाही. मनकर्णाबाईंनी पातोडीचा रस्सा केला होता. केशवराव जुन्या लॅपटॉपसमोर बसून दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत होते. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून आलेली त्यांची लेक दामिनी दिवाणावर आडवी होऊन विद्यार्थ्यांची जर्नलं तपासत होती. अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ती संगणकाची सी भाषा शिकवायची. जर्नल तपासायचं काम तिला कधीच आवडलं नव्हतं, पण निदान ते आडवं होऊन करता यायचं.

"तुयं ते लावून द्याचं राहून गेलं, बाई," केशवराव मान न वळवता म्हणाले.

"काय?"

"यादी. नवे नावं समदे खाली जमा होऊन राहिले. पुढल्या खेपेले लावून देते म्हनली होती. अशा तीन खेपा झाल्या."

"देते ना. जेवण तर होऊ द्या."

"मास्तरीण हाये ते," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "लोकाच्या पोरांचं येळेवर पायजे. घरचं झालं तं झालं."

"तुये बाबा आज लय खुशीत हायेत," ताटं मांडताना त्या पुन्हा म्हणाल्या. "शुक्रवारी नागपूरवरून काय चिठ्ठी आली, तवापासून गाणे म्हनून राहिले. मले सांगत नाईत."

"तुले सांगाची गोष्ट नाई ते," केशवराव म्हणाले. "दात्याचं नाव म्या कधी घरात काढलं काय? यादी लागू दे. दामिनीले खाली आपोआप दिसंल."

केशवराव चौतीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. हजारो लोकांचं रक्त त्यांनी काचपट्टीवर तपासलं, आणि नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी स्वतःचं तपासलं तेव्हा ते नेहमीच्या आठ गटांत बसेना. ते निघालं बॉम्बे गटाचं. दहा हजारांत एखाद्याचं असतं. असं रक्त असलेल्या माणसाला दुसरं कुठलंच चालत नाही, ओ निगेटिव्हही नाही. तसाच दुसरा कुणी सापडला तरच तो जगतो. म्हणून निवृत्त झाल्यावरही केशवराव शिबिरांमागे हिंडत राहिले आणि अकोला-अमरावती जिल्ह्यांतल्या दात्यांची यादी करत राहिले. स्वतःचं नाव त्यांनी वयाच्या पासष्टीला नियमाप्रमाणे यादीतून काढलं. त्यानंतर त्या गटासमोर एकही नाव उरलं नव्हतं.

यादीचा प्रोग्राम दामिनीनं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना लिहिला होता. प्रत्येक दात्याची एक नोंद, नाव, गाव, गट, फोन. नोंदी गटाप्रमाणे ओळीनं लावलेल्या, एक नंबरच्या गटापासून नऊ नंबरपर्यंत. नऊ म्हणजे बॉम्बे, सगळ्यांत शेवटी. शोधायची रीतही तिनं पुस्तकातली घातली होती. यादी बरोबर मधोमध उघडायची. हवा तो गट पुढे असेल तर मागची अर्धी यादी टाकून द्यायची, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य पाहायचा. पाचशे नावांत नऊ-दहा ठिकाणी डोकावलं की निकाल. त्या वेळी बापाला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. "आमी उभी जिंदगी रजिस्टर चाळत बसलो," असं ते रक्तपेढीत सगळ्यांना सांगत हिंडले, आणि पुढे दामिनीच्या सांगण्यावरून त्यांनी कागदी रजिस्टर बंदच करून टाकलं. दोन-दोन ठिकाणी लिहायचं कशाला, असं तीच म्हणाली होती.

या रीतीची अट एकच. यादी ओळीनं लावलेली पाहिजे. ऑगस्टात पाचशे जागा भरल्या आणि प्रोग्राम बंद पडला. दामिनीनं गाडीच्या आधी अर्ध्या तासात जागा वाढवून दिल्या, पण नवं नाव मधे शिरवून पुढच्यांना एकेक घर सरकवणारा भाग नीट चालेना. तो तिनं तात्पुरता बंद करून ठेवला. "सध्या नवी नावं शेवटीच बसतील, बाबा. पुढल्या वेळी आले की लावून देते." दोन मिनिटांचं काम होतं.

जेवण झालं, डोळा लागला, उठेपर्यंत गाडीची वेळ झाली. ऑटोपर्यंत केशवराव पिशवी घेऊन आले. गुडघे दुखत होते, तरी आले.

"पुढच्या रविवारी नक्की," ती म्हणाली.

"ये तं खरी," ते म्हणाले.

*

मंगळवारी सकाळी दहाला केशवरावांना रक्ताची उलटी झाली. दामिनी दवाखान्यात पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. वऱ्हांड्यात मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदराला रक्त लागलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. शेजारी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून पुंजाजी उभे होते. केशवरावांच्या हाताखाली रक्तपेढीत शिपाई म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. निरोप मिळताच घरी जाऊन त्यांनी आधी तो लॅपटॉप आणला होता.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पोटात मोठा व्रण फुटलाय. गुडघ्यांसाठी रोजच्या दुखण्याच्या गोळ्या खात होते, त्यानं झालं असणार. रक्तस्राव थांबवायचा तर आधी अंगात रक्त पाहिजे. दोन पिशव्या मिळाल्या तरी हातात वेळ येईल. "गटाचं कार्ड त्यांच्या खिशातच होतं. आम्ही मुंबईला फोन लावलाय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पाहा."

दामिनी आत गेली. केशवरावांचा चेहरा कागदासारखा झाला होता, तोंडावर मास्क होता. पण त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की त्या वेळी ते अजिबात भ्यायलेले नव्हते. त्यांनी मास्क बोटानं जरासा उचलला.

"यादी पाय," ते म्हणाले.

ती बाहेर आली आणि वऱ्हांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली. प्रोग्रामनं गट विचारला, तिनं नऊ दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळ उमटली. या गटाचा दाता नाही.

तिनं पुन्हा नऊ दाबलं. पुन्हा तेच.

"काय म्हंते?" पुंजाजींनी विचारलं.

"नाही कुणी."

पुंजाजी बाकाशी वाकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक डाव वरून खालपावतर पाहून घेऊ ना. नाव-नाव. मी वाचतो, तुमी पाहा. कितीक असतीन? पाच-साडेपाचशे."

"काका, पाहिलंय ते."

"तरी पन."

"तसं एकेक वाचत बसायची गरज नसते," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "पाचशे बासष्ट नावं आहेत, सगळ्यांत शोधून झालं. नाही म्हणजे नाही."

पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधत जायच्या पद्धतीला ती वर्गात नेहमी हसायची. रांगेतल्या प्रत्येकाची गचांडी धरून तू आहेस का, तू आहेस का, असं विचारत सुटायचं, असं म्हणायची. पोरंही हसायची. पुंजाजींनी मान हलवली आणि ते फोन लावायला बाजूला गेले. साहेबांची लेक, प्रोग्राम तिनंच केलेला. तिच्यापुढे आपण काय बोलायचं.

मग ती आत जाऊन केशवरावांच्या कानाशी वाकली. त्यांना धीर यावा म्हणून नीट, सावकाश सांगितलं, "बाबा, यादीत नाही कुणी. पण मुंबईहून कळलंय, नाशिकला एक जण आहे, तो निघाला. काळजी नका करू."

केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांच्या कपाळावर आठी आली, एखादा हिशेब चुकावा तशी. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उतरत गेलं. तिनं आयुष्यात बापाला भ्यायलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला. त्यांनी हात उचलला, मास्ककडे नेला. सलाइनची नळी ताणली गेली. नर्स धावत आली. "बाबांना बोलू देऊ नका मॅडम. तुम्ही बाहेर थांबा."

ती बाहेर थांबली.

चारला नाशिकचा दाता जळगावच्या वाटेवर होता. पाचला जळगाव सुटलं. पावणेसहाला, तो भुसावळ ओलांडत असताना, डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मनकर्णाबाईंना उठायला हात दिला.

*

नवव्या दिवशी सकाळी पुंजाजी घरी आले. तेरवीच्या दिवशी शिबिर घ्यायचं त्यांच्या मनात होतं. साहेबांना दुसरं काय आवडलं असतं, म्हणाले. सगळ्या दात्यांना फोन करायचे, यादी कागदावर काढून पाहिजे होती. "तुमाले सवड असंल तवा. घाई नाई."

ते गेल्यावर दामिनीनं लॅपटॉप उघडला. दवाखान्यातून आल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. छापायच्या आधी यादी ओळीनं लावावी, म्हणून तिनं नोंदी पडद्यावर आणल्या आणि शेवटच्या नोंदी पाहत वर सरकू लागली. परतवाड्याच्या शिबिरातली नावं होती. गट तीन, गट एक, गट सात, गट तीन. वेळ मिळेल तशी भरलेली, कशीही.

आणि त्यांच्यामध्ये एका नावासमोर नऊ होता.

अफिफा परवीन. गाव परतवाडा. वय सव्वीस. खाली केशवरावांनी तेवढ्या एकाच नोंदीला जोडलेली ओळ: नागपूरहून पक्कं झालं. तारीख, रविवारच्या आधीचा शुक्रवार.

दामिनीनं आधी लॅपटॉप मिटला. उठून दाराची कडी लावली. घरात आईशिवाय कुणी नव्हतं, तरी लावली. मग पुन्हा बसली आणि एका जर्नलच्या मागच्या पानावर पेनानं लिहू लागली. पोरांना ती परीक्षेत जसं करायला लावायची तसं, यंत्र काय करील ते हातानं.

पाचशे बासष्ट नोंदी. शून्यापासून मोजायचं, म्हणजे शेवटची पाचशे एकसष्ट. मध्य दोनशे ऐंशी. तिथला गट नऊपेक्षा लहान, म्हणून मागचं सगळं टाकलं. मग चारशे एकवीस. चारशे एक्याण्णव. पाचशे सव्वीस. पाचशे चव्वेचाळीस. इथं तिचा हात थांबला. त्यानंतरची उडी होती पाचशे त्रेपन्नवर. मग सत्तावन्न, एकोणसाठ, साठ, एकसष्ट. संपलं. दाता नाही.

अफिफा परवीनची नोंद होती पाचशे सत्तेचाळीस.

दहा ठिकाणी डोकावून यंत्र तिच्या तीन घरं अलीकडून तिच्यावरून उडी मारून गेलं होतं. चूक यंत्राची नव्हती. ओळीनं लावलेल्या यादीत कसं शोधायचं ते त्याला शिकवलेलं होतं, आणि तसं त्यानं शोधलं होतं. यादी तशी नसली की शोध फसतो, हे त्या वऱ्हांड्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस बाकावर बसून नऊ दाबत होतं. पुंजाजींबरोबर वरून खाली वाचायला घेतलं असतं तर फार तर वीस मिनिटं लागली असती. खालून घेतलं असतं तर दोन.

यादी पाय, ते म्हणाले होते. नुसती पाय. त्यांना नाव ठाऊक होतं, ती तीन तासांत येईल हेही ठाऊक होतं, म्हणून ते भ्यायले नव्हते. भीती दामिनीनं त्यांच्या कानात सांगितल्यावर आली.

मग तिच्या मनात आलं ते तिचं तिलाच किळसवाणं वाटलं, तरी आलं. या यादीत गट बदलता येतो. नऊच्या जागी सात केलं, ती ओळ पुसली, की पुंजाजींना फोन करताना काहीच दिसणार नाही. तिनं कर्सर त्या नऊवर नेला. तिथं तो लुकलुकत राहिला. एकच अंक होता. आणि उद्या दुसऱ्या कुणाला हाच गट लागला की त्याची लेक असल्याच एखाद्या वऱ्हांड्यात बसणार होती. तिनं हात काढून घेतला, पण हात काढायला इतका वेळ लागला याचीच तिला भीती वाटली.

नंबर समोर होता. परतवाडा काही सातासमुद्रापलीकडे नाही. ती मुलगी त्या मंगळवारी गावात नसेलही. आजारी असेल. घरच्यांनी येऊ दिलं नसतं. यातलं काहीही असलं तरी चालणार होतं. दामिनीनं फोन लावला आणि पहिली रिंग वाजताच तो उचलला जाऊ नये असं तिला वाटलं.

"हॅलो, कोण?"

"मी केशवरावांची मुलगी बोलतेय. अकोल्याहून. रक्तदानाचे."

"हाँ हाँ, सर की बेटी," पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "बोला ना दीदी. सर कैसे हैं? मला म्हणाले होते, जेव्हा फोन करीन तेव्हा यायचं, कारण विचारायचं नाही. मी म्हटलं, जीप पकडून येते, तुम्ही बस आवाज द्या."

दामिनीनं त्या प्रश्नाला बगल दिली. "मागच्या आठवड्यात, मंगळवारी... तुम्ही गावातच होता का?"

"मंगलवार? घरीच होते. शिवणाचा क्लास घेते मी, घरातच. काहून दीदी? सरांनी याद केली होती का?"

"नंतर फोन करते," दामिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. फोनचा पडदा विझला तरी तो पुन्हा पेटेल म्हणून ती त्याच्याकडे पाहत होती. अफिफा उलट फोन करील. पुंजाजी फोन करतील तेव्हा ती त्यांना सांगेल, दीदीनं मंगळवारचं विचारलं होतं. पुंजाजी काही बोलणार नाहीत. ते फक्त मान हलवतील, दवाखान्यात हलवली होती तशी, आणि त्यापेक्षा वाईट काही तिला सुचत नव्हतं. तिनं गणित केलं: परतवाडा ते अकोला, अंजनगाव-अकोटवरून, फार तर तीन तास. दीडला फोन केला असता तर साडेचारला आली असती. तरी वाचले असते का? डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. या उत्तराचा तिला आधार वाटायला हवा होता, तो वाटला नाही.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ती कडी काढून धावली. मनकर्णाबाई स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. पायाशी स्टीलचा डबा उलटा पडला होता.

"काही नाई," त्या म्हणाल्या. "जरा गरगरलं."

दामिनीनं त्यांना पाटावर बसवलं आणि डबा उचलला. औषधांचा डबा होता तो. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं फरशीवर सांडली होती. वार छापलेल्या एका पाकिटातून बाबा गेले त्याच्या आदल्या सोमवारपर्यंतच्या गोळ्या काढलेल्या होत्या. पुढच्या सगळ्या जागच्या जागी.

"आई, तू गोळी घेत नाहीस?"

मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"नऊ दिवस झाले?"

"या हातानं आता कोनाले गोळी द्याची नाई," त्या म्हणाल्या, "अन् सोता घ्याचीबी नाई. गुडघे दुखते म्हने, की मीच दुकानातून पाकीट आनत होती. रोज सकाळी, रोज सांजच्याले. ते म्हनत, आज राहू दे, पोटात जयजय करते, आग पडते. मी म्हनली, घ्या गुमान. म्याच मारलं त्याईले."

"असं नको बोलूस."

"मंग काय बोलू? डाक्टर तुयापुढंच बोलला ना. गोळ्यानं झालं म्हने. माया हातानं झालं." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, गेले नऊ दिवस मनात घोकलेलं म्हणून दाखवावं तशा. "मले आता दवा नोको. होईल ते होवो. तू आपली कॉलेजात जाय."

दामिनीनं त्यांचं मनगट धरलं. कातडीखाली नाडी फार वेगानं उडत होती, आणि तिच्यापुढे मंगळवार पुन्हा उभा राहिला. वऱ्हांडा, बाक, बंद दार. गेल्या तासाभरात ती फक्त एवढ्यालाच भ्यायली होती, की कुणाला कळेल. आता समोर बसलेली ही बाई मघाशी ओट्याला धरून उभी होती, आणि कुणाला कळलं नाही तर ती अशीच राहणार होती, गोळीविना, जितके दिवस निभेल तितके.

काय बोलायचं ते दामिनीला ठाऊक होतं. ते बोललं की आई तिच्याकडे कसं पाहील, तेवढंच ठाऊक नव्हतं. एकदा तिनं त्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर फरशीवर वळवली. मग पुन्हा वर पाहिलं.

"आई, ऐक. गोळ्यांनी रक्त गेलं, ते परत भरता आलं असतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिला परका वाटत होता, पण थांबत नव्हता. "रक्त होतं. परतवाड्याला एक मुलगी होती, बाबांच्याच यादीत होती, तीन तासांत आली असती. बाबांना ते माहीत होतं. मी यादी लावून दिली नाही, आणि पुंजाजीकाका सांगत होते तरी वाचून पाहिली नाही. आणि बाबांच्या कानात जाऊन मीच सांगितलं, की कुणी नाही म्हणून."